शक्तिमान विकायची नाही

मोहने,
ता. १७ फेब्रुवारी १९८९

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. आईचे गुडघे थंडीत धरतात हे वाचून जीव तुटला. निर्गुडीचा पाला उकळून शेक दे तिला. इकडे आम्ही ठीक. ह्यांची तब्येत बरी आहे. शेजारच्या जाईबाई आमच्या अंगणातल्या डिझेलच्या वासाला अजून नावं ठेवतात, आणि संध्याकाळी त्याच अंगणात येऊन बसतात.

तू विचारलंस, ट्रकचं काय ठरलं. विकणार नाही.

मिलिटरीनं टाकून दिलेल्या गाडीवर कशाला जीव लावायचा, असं तू लिहितोस. दादा, ह्यांनी पलटणीत सगळी नोकरी ह्याच गाड्या दुरुस्त करण्यात घालवली. सुटून आल्यावर लिलावात ही शक्तिमान घेतली ती मिरवायला नाही. मागे क्रेन बसवायची, रस्त्यात बंद पडलेल्या, चारीत गेलेल्या गाड्या ओढून काढायच्या, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. जॅक सरकला आणि ह्यांचा उजवा हात मनगटापासून गेला, म्हणून आमचं ठरलेलं बदलत नाही.

दिवाळीनंतर तू भंगारवाल्याला घेऊन आलास. तो टायरला लाथा मारून बघत होता आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "गाडी वीक, कुंडलिकरावांना त्यांच्या भावाकडे ठेव आणि माझ्याबरोबर चल. हात नसलेल्या माणसामागं जन्म घालवणार आहेस का?"

हळूच बोललास तू. पण हे दाराआडच खाटेवर होते.

वर तब्येत बरी लिहिली ती आत्ताची. मधलं तुला कळवलं नव्हतं. तू गेल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बोलणं बंद, जेवण नावाला. एका दुपारी मी नळावरून आले तर खाट रिकामी. शोधत गेले तर नदीच्या पुलावर कठड्याला धरून उभे. दंडाला धरून घरी आणलं. मग मोरीत जाऊन रडायचं तेवढं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साडीवर ह्यांचा जुना खाकी शर्ट चढवला, ह्यांची खाट अंगणात ओढली आणि पाना घेऊन गाडीखाली शिरले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ब्रेकचा पाइप कुठं लावायचा विचारलं, उत्तर नाही. आपल्याच अकलेनं लावायला गेले. नट बसेना, तशी मी जोर लावत गेले.

"तिरका जातोय. आधी हातानं फिरव, मग पाना लाव. आटे मरतील."

किती दिवसांनी तो आवाज कानावर पडला, दादा. डोळे भरले होते म्हणून बाहेर आले नाही. तिथूनच म्हटलं, "आता बघा, बरोबर आहे का?"

तेव्हापासून हे खाटेवरून सांगतात, मी करते. चुकलं की रागावतात, मीही उलट बोलते. क्रेनचा लोखंडी दांडा शहाडच्या वेल्डरकडून करून आणला. चाळीतले म्हणाले, बाईमाणूस ट्रकखाली झोपते, शोभतं का? म्हटलं, तुम्ही झोपा, मी उठते. कोणी झोपलं नाही.

गेल्या रविवारी टिटवाळ्याच्या रस्त्याला विटांचा ट्रक चारीत कलंडला, आम्हाला बोलावणं आलं. गाडी जाईबाईंचा दीर गोविंदा चालवतो, त्याचं लायसन आहे. माझंही निघेल. वायररोप मी बांधला आणि लिव्हरपाशी उभी राहिले. ट्रकचा मालक ह्यांना म्हणाला, बाईला बाजूला करा, माझी गाडी उलटी होईल.

हे म्हणाले, "क्रेन तिनं बांधलीय. तुमची गाडी तीच काढेल."

मग मला दिसतील असे समोर जाऊन उभे राहिले. तो हात हे माझ्यापुढंसुद्धा टॉवेलखाली ठेवायचे. तिथं सगळ्या गर्दीदेखत टॉवेल काढला आणि हात वर केला. वर म्हणजे ओढ, खाली म्हणजे थांब. मी दुसरीकडं बघितलंच नाही. त्या हातावर नजर ठेवून ओढत गेले. ट्रक चाकांवर उभा राहिला.

माझ्यावर तुझी माया आहे, ते मला कळतं. पण माझा जन्म कुणामागं घालवायचा ते मी ठरवलंय. उन्हाळ्यात आईला घेऊन ये, चार दिवस राहा. आल्यावर आधी ह्यांना जयभीम कर, मग माझ्याशी बोल. ते जमणार नसेल तर तिकीट काढू नकोस.

आईला जयभीम.

तुझी धाकटी बहीण,
सौ. शालन कुंडलिक ओव्हाळ