गढीवरची दुसरी पणती

इंदापूर, कार्तिक १९९४

अक्का,

काल त्रिपुरीला गढीवर दिवे लावले, शोभेची दारू उडाली. आपल्या घरची रीत तुला ठावं हाय, ज्यानं त्यानं आपली पणती लावायची. तात्यांनी मात्र दोन लावल्या. तू पळून जाऊन लगीन केलंस, तवापासनं ते तुझं नाव काढत न्हाईत.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"वारं लई हाय. गप हुबी ऱ्हा."

सगळं गाव आभाळाकडं बघत हुतं. तात्या पटका सोडून त्या दुसऱ्या पणतीला आडोसा धरून बसले. शेजारीच माझी विझली, ती त्यांनी बघितलीबी न्हाय.

हे पत्र मी टाकणार न्हाय. कळलं तर तू लगेच येशील.

तुझी धाकटी,
नकोशी