गच्चीवरचा एन प्लग

८ डिसें., रवि.
सव्वासातला नाना रेडिओवर आले. पहिलं वाक्य पाच-नऊ, म्हणजे शब्द स्वच्छ, सुई वर. "कालदिन थंडी..." आणि पुढे नुसती खरखर. चार मिनिटांनी परत उगवले ते थेट मेथीच्या भाजीवर. मधलं गेलं, मी मनाने भरून घेतलं.
सुनंदाला मेसेज टाकला : नाना ठीक. ही तिची अट. बाप धुळ्यात एकटा राहणार, तर मी रोज सकाळी रेडिओवर त्यांच्याशी बोलायचं आणि तिला नाशिकला कळवायचं. फोनवर नाना 'बरा शे' म्हणून ठेवून देतात. रेडिओवर वीस मिनिटं बोलतात, त्यावरून माणूस कळतो. हे बंद पडलं की ती त्यांना घेऊन जाणार. तिच्या सोसायटीत गच्चीवर अँटेनाची तार बांधू देत नाहीत. तार ऑफिसात जन्म घालवलेला माणूस तिथे करणार काय.

९ डिसें., सोम.
आज काहीच नाही. वीस मिनिटं हाका मारल्या. फोन केला तर नानाही तिकडून हाका मारत होते. दुपारी एकला पुन्हा लावून पाहिलं, पाच-नऊ, भिंत हलावी असा आवाज. सकाळी मेलेलं दुपारी जिवंत. हे कोडं आवडलं नाही.
सुनंदाला 'ठीक' कळवलं. खोटं नाही. खरंही नाही.

११ डिसें., बुध.
मोटार वाइंडिंगचं दुकान उशिरा उघडलं. माझ्याकडचे सगळे प्लग खोलून पाहिले. डाख चकचकीत, अँटेनाकडून परत फिरणारी ताकद दाखवणारी सुई तळाला. दोष माझ्याकडे नाही.
नानांच्या गच्चीवरचं अँटेनाच्या केबलचं जोडकाम दसऱ्याच्या आठवड्यात मीच केलं. नाना म्हणत होते, जुना पीएल प्लगच बरा, हाताला ठाऊक आहे. मीच हट्टाने एन टाइप बसवला. पीएलमध्ये पाणी शिरतं, एनमध्ये शिरत नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं होतं. पाणी शिरलं असेल? शक्य नाही. टेपचे तीन थर, माझ्या हातचे.
मग उरलं काय? नाना. फोनवर विचारलं, ट्यूनर आधी की बटण आधी? म्हणाले, "मनंच काईतरी चुकत व्हई, गोपाळ."
मी 'नाही' म्हणालो नाही. कोणतं बटण केव्हा, नऊ पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून कुरियरने पाठवल्या.

१४ डिसें., शनि.
सुनंदा कालच धुळ्याला आली. आज सव्वासातला नानांच्या मागे उभी राहून पाहत होती. ते हाका मारत होते, उत्तर नाही. मीही इथून हाका मारत होतो, त्यांना पोचत नव्हतं.
आठला तिचा फोन. आवाज शांत. "काका, भिंतीवर तुमचा कागद आहे. कोणतं बटण केव्हा दाबायचं. म्हणजे तुम्हालाही कळलं होतं. मला का नाही सांगितलंत?"
परवा गॅसही चालू राहिला होता म्हणे. पुढच्या रविवारी बाबांना नेते म्हणाली.
माझा कागद. माझं अक्षर.

१६ डिसें., सोम.
हे लिहून ठेवायलाच हवं.
पुढच्या कामांसाठी दिल्लीहून मागवलेले एन प्लग आज आले. दसऱ्याला उरलेला एक डब्यात होता, भंगारातून आणलेल्या सहांपैकी. दोन्ही शेजारी ठेवले. बाहेरून जुळे भाऊ. सहज मापाचा व्हर्नियर कॅलिपर लावला. नव्याची मधली पिन एक पूर्णांक सहा मिमी. जुन्याची शून्य पूर्णांक नऊ.
म्हणजे जुना पंचाहत्तर ओहमचा प्लग. आपलं सगळं पन्नासचं. आटे जुळतात, फिरकी घट्ट बसते, आणि आत बारीक पिन मोठ्या भोकात नुसती टेकते. उन्हात केबल सैलावली की टेकते, पहाटेच्या गारठ्यात आखडली की सुटते.
आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. केबलची मधली तार सात पदरी, पिनच्या भोकात मावेना. मी तीन पदर छाटून घुसवली. नानांनी खालून विचारलं होतं, तारा का कापतोस? मी म्हणालो, देशी माल आहे नाना, बसवून घ्यावा लागतो.
मोटारीची तार गेज लावल्याशिवाय गुंडाळत नाही मी. तीस वर्षं लोकांना 'डोळ्याने मोजणारे' म्हणून हसलो.

१७ डिसें., मंगळ.
गुपचूप जाऊन बदलावा. टेप उसवली होती म्हणायचं. कोणाला कळणार? सुनंदाला तर पिन म्हणजे काय तेही ठाऊक नाही.
हिला सांगितलं. पोळ्या लाटत म्हणाली, "मग नानांनी काय समजायचं? आपलं डोकं गेलं असंच ना?"
दुकानात एका आर्मेचरची गुंडाळी दोनदा चुकली.

१९ डिसें., गुरु.
सहाची एसटी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, नानांना सांगायचं वाक्य जुळेना.
नाना गच्चीत खुर्ची टाकून उन्हात बसले होते. प्लग कापून त्यांच्या हातात दिला. "नाना, पिन बारीक होती. मी मोजली नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."
नखाने पिन चाचपली. मग म्हणाले, "तारा का बरं कापस, आसं मी इचारेल व्हतं."
प्लग परत माझ्या हातात ठेवला.
पिशवीत दोन्ही नेले होते, पीएल आणि नवा एन. पहिल्यांदाच त्यांना विचारलं, कोणता लावू. तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाले, "एनच लाव. पण मोजीसन." हसले की नाही सांगता येत नाही. नानांची थट्टा चेहरा बघूनच ओळखावी लागते, तीही अंदाजाने.
सातही पदर आत गेले. कागद भिंतीवरून मीच काढला.
"सुनंदाले तूच सांग. मी सांगं ते तिले बहाणा वाटी."
गच्चीतूनच फोन केला. सगळं सांगितलं, कागदाचंसुद्धा. ती म्हणाली, "आणि गॅस, काका? तोही पिनमुळेच?"
मी पिनचंच पुन्हा सांगत राहिलो. शेवटी म्हणाली, रविवारी सव्वासातला मी बाबांजवळ बसते. बघू.

२२ डिसें., रवि.
कडाक्याचा गारठा. इथे मेहरूण तलावावर धुकं. सातपासून कानावर हेडफोन.
सव्वासातला नाना आले. पाच-नऊ. एकही शब्द गळला नाही, खोकला, खुर्चीची करकर, सगळं. थंडी, मेथी, सुनंदा आली आहे, तिने आल्याचा चहा केला. मी डोळे मिटून ऐकत होतो.
मग म्हणाले, "मंग गोपाळ, तो प्लग बदलाले कव्हय येशी?"
थट्टा असेल. आवाज सरळ होता, पण नानांचा आवाज थट्टेत सरळच असतो. चेहरा दिसायला हवा होता. चेहरा सुनंदाला दिसत होता.
मी म्हणालो, "नाना, गुरुवारीच बदलला की." पलीकडे नुसता श्वास. स्वच्छ, पाच-नऊ. मग म्हणाले, "हा."
आठला तिचा मेसेज आला : ऐकलंत ना काका?
दहा वाजले. अजून उत्तर लिहिलेलं नाही.