बाबागाडीपाशी बोललो ते

८ जानेवारी, सोमवार

तिरिलने सकाळी लिव्हरची पेस्ट लावलेला ब्रेड माझ्या कानात कोंबला. कान धुतला. मग तिला धुतलं. मग खुर्ची, मग भिंत. तोवर तिच्या झोपेची वेळ झाली आणि मी अजून दातही घासले नव्हते.

काल ती एक वर्षाची झाली. केक, टेबलावर झेंडे, माझ्या बायकोचे, म्हणजे इंगव्हिलचे, आईवडील, सतराशे साठ फोटो. जो तो म्हणत होता, "बघता बघता वर्ष गेलं!" बघता बघता? इंगव्हिल नोव्हेंबरात शाळेत शिकवायला परत गेली आणि मी रजेवर घरी बसलो, तेव्हापासूनचा एकेक तास मी डोळे फाडून बघितलाय. फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये मी इतका कधी थकलो नाही. तिथे निदान जेवायला बसता यायचं.

९ जानेवारी

पाऊस. आतले लोकरीचे कपडे, वरचे लोकरीचे कपडे, रेनसूट, टोपी, हातमोजे, बूट – सगळं चढवलं. दारापर्यंत पोचलो. वास आला. सगळं उतरवलं.

११ जानेवारी, गुरुवार

खुली बालवाडी. आठवड्यात मोठ्या माणसांशी बोलायला मिळतं ते एवढंच. आम्ही आईबाप आत, पोरं इथल्या रिवाजाप्रमाणे बाहेर वळचणीखाली बाबागाड्यांत ओळीने झोपलेली. खिडकीत सगळ्यांचे बेबी-मॉनिटर, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव. कुणाचं किरकिरलं की त्याचा दिवा लागतो, आवाज आत ऐकू येतो आणि तो माणूस अर्धं वॉफल टाकून पळतो.

गुन्वोर बालवाडी चालवते, वॉफलही तीच भाजते, आणि तिचा नियम पक्का – प्रत्येकाने आठवड्यातलं एक बरं सांगायचं आणि एक वाईट. योरुनचं बरं : जुळे एकाच वेळी झोपले. वाईट : गाडीत, आणि ती गाडी चालवत होती, म्हणून पेट्रोल संपेपर्यंत घरीच गेली नाही. सगळे हसलो. तीही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. माझी पाळी आली. बरं : तिरिल सोफ्याला धरून चालते. वाईट : पाऊस.

"पाऊस!" हालवार ओरडला. "अरे रुनार, तो तर सगळ्या गावाचा आहे. स्वतःचं काहीतरी आण की घरून!"

हालवारला दोन मुलं आहेत. त्याच्या स्वेटरवर कायम कुणाचं तरी नाक पुसलेलं असतं. त्याला कुठलीच लाज उरलेली नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

१३ जानेवारी, शनिवार

नाश्त्याला इंगव्हिल म्हणाली, "काल हॉस्पिटलमधून फोन आला. वीस फेब्रुवारी!" चेहरा असा उजळला होता की मी चटकन म्हणालो, "छान!" इतकं छान म्हणालो की तिने उठून माझा मुका घेतला.

तिरिल चार वर्षांच्या औषधोपचारांनी झाली. इंजेक्शनं, वाट बघणं, बाथरूमचं दार लावून रडणं. तेव्हाचा एक गर्भ त्यांनी गोठवून ठेवलाय, तो वीस तारखेला आत सोडणार. उन्हाळ्यात आम्ही ठरवलं होतं – वाढदिवस झाला की दुसऱ्याचं बघायचं. उन्हाळ्यात! तेव्हा तिरिल सफरचंदाच्या झाडाखाली तासन् तास झोपायची आणि मी कामावर असायचो. उन्हाळ्यात कुणीही हो म्हणेल.

मला दुसरं मूल नकोय.

लिहून टाकलं. इंगव्हिल एकोणचाळीसची आहे. ही तारीख गेली तर ती पुन्हा मागणार नाही, मला माहीत आहे ती. आणि मी गप्प बसलो तर मूल येईल. मग मी त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

तिरिलवर माझा जीव आहे. पण आता सगळा तिच्यावरच खर्च होतो, दुसऱ्यासाठी काही शिल्लक नाही.

१६ जानेवारी

तिरिलने घराची किल्ली संडासात टाकली. मी ओरडलो नाही. ओरडायलाही ताकद लागते.

१८ जानेवारी, गुरुवार

हे लिहायलासुद्धा लाज वाटतेय.

खुल्या बालवाडीत बसलो होतो. गारा मिसळलेला पाऊस. म्हटलं, गाडीचं कव्हर नीट आहे का बघून येतो. बाहेर गेलो. तिरिल गाढ झोपलेली, गाल लालबुंद, तोंड उघडं. एवढं शांत माणूस आठवडाभरात मला भेटलं नव्हतं. मी गाडीच्या छताखाली डोकं घातलं आणि बोलत सुटलो.

म्हणालो, "तिरिल, तुझ्या आईला दुसरं बाळ हवंय आणि मला नकोय. मला नकोच आहे ग. मी दमलोय. तुला मागून मागून आणलं आणि आता रोज सकाळी वाटतं, कुणीतरी यावं आणि मला घेऊन जावं. तिला कसं सांगू? तूच सांग." आणखीही बरंच. नाक ओढत. इंगव्हिल मला खंबीर समजते, तेही बोललो.

आत आलो. एकही जण बोलत नव्हता. हालवार – हालवार! – वॉफलवर जॅम पसरत होता, कोपऱ्या-कोपऱ्यात, एखादं टेबल रंगवावं तसा. गुन्वोरने माझ्यापुढे कॉफी सरकवली. मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. 'तिरिल' लिहिलेल्या मॉनिटरचा दिवा अजून लागलेला होता.

मेलो असतो तर बरं झालं असतं.

रेनसूट चढवताना योरुन शेजारी येऊन बसली. ती इंगव्हिलच्याच शाळेत शिकवते, स्टाफरूममध्ये दोघींची टेबलं समोरासमोर. "मी काही ऐकलेलं नाही," ती म्हणाली. मी आभार मानले. "पण पाच तारखेला माझी रजा संपते," ती म्हणाली. "ती मला विचारणार, रुनार कसा आहे? रोज विचारते ती मला, मेसेजवर. आणि मला खोटं बोलता येत नाही रे. मान लाल होते माझी." तिने खरंच मान दाखवली. लाल होती.

"त्याआधी तू सांग," म्हणाली आणि दोन्ही पोरं काखोटीला मारून गेली.

१९ जानेवारी

इंगव्हिल : "बालवाडीत काय काय झालं काल?"
मी : "काही नाही. पाऊस."

२२ जानेवारी, सोमवार

तिरिलला उलट्या. पडद्यावर, मांजरावर, माझ्यावर. दुपारपर्यंत मला.

२३ जानेवारी

दोघंही बाथरूमच्या फरशीवर. ती माझ्या पोटावर झोपली, मी टॉवेलावर. इंगव्हिल शाळेतून धावत आली, आम्हाला तसं बघून हसली आणि मग जमिनीवर आमच्याशेजारीच बसली. "माझी माणसं," म्हणाली. आत्ताच सांगावं असं वाटलं. तेवढ्यात पुन्हा उलटी आली.

२५ जानेवारी, गुरुवार

गेलो नाही. उलट्यांचं निमित्त होतं, पण उलट्या थांबल्यात.

दुपारी दारात हालवार. उंबरठ्यापासून चांगला लांब उभा. पायरीवर माशाच्या सूपचं पातेलं ठेवलं. "आत येत नाही. तुमच्या घरची ती भानगड मला नकोय."

"ठीक."

"आणि ते... ते परवाचं." त्याने बुटाने चिखल खरवडला. "दुसऱ्याच्या वेळी मलाही नको होतं. पण मी सांगितलंच नाही."

"मग? आता बरं वाटतं?"

"मुलगा फार गोड आहे," म्हणाला. "पण त्याच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. आता कधीच सांगता येणार नाही. ते मात्र जड जातं." मग लगेच, "सूपात मिरी कमी आहे हं, मोठ्याला तिखट चालत नाही," असं काहीतरी बरळला आणि गेला.

सूप चांगलं होतं. तिरिलने ओरपलं.

२८ जानेवारी, रविवार

चालली! इंगव्हिलचे गुडघे सोडले, हात वर केले, दारुड्यासारखी डुलत डुलत आली आणि माझ्या पोटावर आदळली. आम्ही दोघं इतके ओरडलो की ती घाबरून रडायला लागली. मग स्वतःच उठली आणि पुन्हा निघाली. आता थांबतच नाही. बघून डोळे भरून आले माझे. सोफा, मांजर, भिंत, सगळं विसरलो.

"दुसऱ्याच्या वेळी यातलं काहीच मी चुकवणार नाही," इंगव्हिल म्हणाली. "तेव्हा मी सबंध वर्ष घरी राहीन. तुला त्रास नाही."

मी तिरिलला उचललं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं.

१ फेब्रुवारी

बालवाडीला गेलो नाही. रस्त्यात योरुन दिसली. तिने मानेवर मफलर गुंडाळलेला होता आणि बोट दाखवून तो आणखी घट्ट केला. हसू आलं, नको त्या वेळी.

४ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

तिरिल व्हरांड्यात गाडीत झोपली होती. आम्ही स्वयंपाकघरात, मधे बटाट्यांची सालं. मॉनिटर आधी बंद केला, मग म्हणालो, "इंगव्हिल, मला दुसरं नकोय."

तिने सुरी खाली ठेवली. "कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. नक्की माहीत नाही. फार दमलोय ग."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

खोटं बोलता आलं असतं. "तिरिलला," म्हणालो. "आणि – सगळ्या बालवाडीला. मॉनिटर चालू होता."

ती हसली. खरंच हसली, खो खो. मग एकदम थांबली. "म्हणजे योरुनला माझ्याआधी कळलं."

"हो."

"आणि हालवारला. त्या हालवारला!"

"हो."

ती बूट घालून बाहेर गेली, छत्रीही न घेता. मी बटाटे सोलत राहिलो, सगळी पिशवी. परत आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. रडलेली होती, ते पाण्यानेही लपत नव्हतं. टेबलाच्या पलीकडेच बसली.

"चार वर्षं सुया मी टोचून घेतल्या," ती म्हणाली. "तू दारात उभा असायचास."

"हो."

"वाईट वाटून घेऊन उभा असायचास, ते मला दिसायचं. तू जबरदस्तीने बाप झालेला मला नको. तेवढी काही मी वेडी नाही. पण रागावलेय मी, रुनार. नको म्हणालास म्हणून नाही. मी जानेवारीभर एकटीच खूश होते म्हणून."

तिचं खरं होतं.

"फोन तू करायचा," ती म्हणाली. "तारीख रद्द कर. आणि जो ठेवलाय, त्याचं काय करायचं तेही तूच सांग त्यांना. ते माझ्या तोंडून निघणार नाही."

मग तिरिल उठली आणि जेवायची वेळ झाली. इतके बटाटे कोण खाणार होतं?

५ फेब्रुवारी

फोन केला नाही. तिरिलला दाढ येतेय.

६ फेब्रुवारी

केला नाही. इंगव्हिल विचारत नाही. नीट बोलते, मीठ दे, उद्या कचरा उचलणार आहेत, असं. परवडलं तिचं भांडण.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बालवाडीला गेलो. पाळी आली तेव्हा म्हणालो, "वाईट तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे. आता तिलाही माहीत आहे."

कुणी सल्ला दिला नाही. योरुन कामावर गेली आहे, तिच्या जागी तिचा नवरा जुळ्यांना घेऊन बसला होता. तो बिचारा इकडे तिकडे बघत राहिला.

"आणि बरं?" गुन्वोरने विचारलं. ती नियम मोडत नाही.

"तिरिल चालते. पळते. काल टेबलाखालून निघून थेट दारापर्यंत गेली, आणि मागे वळून बघितलं, मी येतोय का."

"मग? गेलास का?"

"गेलो."

"मग झालं तर. वॉफल खा."

१२ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. तिरिल माझी पँट धरून उभी.

पलीकडे एक तरुण बाई होत्या. आमच्या गोठवलेल्या गर्भाबद्दल बोलायचंय, म्हणालो. नाव, जन्मतारखा विचारल्या, काहीतरी टाइप केलं. "हो, सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधला. त्या दिवशी दोन चांगले होते. एक आत सोडला, एक गोठवला. तो ठेवायचाय की टाकायचाय?"

मी विचारलं, "कुठला आत सोडायचा, ते कसं ठरवलं होतं?"

"दोन्ही सारखेच होते, असं इथे दिसतंय," त्या म्हणाल्या. "एक उचलला असेल."

एक उचलला असेल! म्हणजे दुसरा उचलला असता तर तिरिल आज तिथे गोठलेली असती आणि हा इथे, माझी पँट ओढत.

"टाकू नका," म्हणालो आणि फोन ठेवला.

तारीख रद्द करायची राहूनच गेली. पुन्हा फोन केला नाही.