सीलिंगच्या वर

५ फेब्रु. २०१६, शुक्र. इब्री

वर्गातले दोघे एक्स्चेंजला इटलीला गेलेत. रोज चर्चच्या घुमटांचे फोटो टाकतात. मी ओमानला, कारण आईचं एकच पालुपद, तिथे आपलं माणूस आहे. आपलं माणूस म्हणजे दिलीपकाका. बाबांचे चुलतभाऊ. इब्रीत एका अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, एसी, प्लंबिंग, गिलावा, पडेल ते काम.

सकाळी अल खौदच्या होस्टेलवरून बसने आले. अर्बाबचं जुनं मातीचं घर मोजून ड्रॉइंग करायचं, हा माझा सेमेस्टरचा विषय. परवानगी काकांनी मिळवली. कशी? "अर्बाब, ये मेरी भतीजी. बडी इंजिनियर."

अहो काका! थर्ड इयर आर्किटेक्चर. स्ट्रक्चर्समध्ये के.टी. लागलेली मुलगी मी.

अर्बाब पन्नाशीचा, हसरा. "मुहंदिसा! अहलान!" म्हणजे इंजिनियरीणबाई. लगेच खजूर, काहवा. खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

६ फेब्रु., शनि.

घरात कोणी राहत नाही. लग्नकार्याला तेवढं उघडतात. आतली मोठी खोली बायकांची. वर दि.कां.नी बसवलेलं पांढरंशुभ्र जिप्समचं सीलिंग, झुंबर, सगळा थाट. पण मधोमध पोट आलंय.

एसीसाठी ठेवलेली झडप उघडली, शिडीवरून डोकं आत घातलं. मोबाइलचा टॉर्च. खरं छत वर आहे, खजुराचे ओंडके, त्यावर चटई, त्यावर मातीचा जाड थर. ओंडके काळे. ओले. कुबट वास. पेन्सिल टेकवली आणि ती आत गेली. लोण्यात जावी तशी.

शिडीवरून कशी उतरले आठवत नाही. 

अंगणातून वर बघितलं. पाण्याची टाकी, नेमकी त्याच खोलीवर, खालून गळकी. कोणी बसवली ते विचारायला नको.

दि.का. : "अगो, जुन्या घराला एवढं असायचंच. इतकी वर्षं उभं आहे, तुझ्या पेन्सिलीने पडतंय काय?" मग इकडेतिकडे बघत, "अर्बाबला नको बोलूस."

१० फेब्रु., बुध. अल खौद

इथल्या कॉलेजातल्या सरांना फोटो दाखवले. म्हणाले, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, जागेवर बघायला हवं. आणि मी दाराशी पोचल्यावर मागून, "पण तू त्याखाली उभी राहू नकोस."

झालं. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी दि.कां.चा फोन. पुढच्या शुक्रवारी अर्बाबच्या मुलीचं लग्न. बायकांचं जेवण त्याच खोलीत! अर्बाबच्या आईचा हट्ट, तिचंही तिथेच झालं होतं. अर्बाबने विचारलं, मुहंदिसाने देखा? सब तमाम?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तमाम म्हटलं. सगळं ठीक म्हणून."

माझ्या नावावर! माझा आवाज चढला. काकांनी आवाज उतरवला. मग, "मार्चात माझा व्हिसा संपतोय गो, अर्बाबनेच वाढवायचा. टाकी कोणी लावली म्हणून विचारलंन, की मी चाललो गावाला. चिनूची बारावी आहे."

चिनू, त्यांची मुलगी. मला ताई म्हणते. इकडे आड, तिकडे विहीर. बोलले तर काकांच्या पोटावर पाय. नाही बोलले तर तिथे किती बायका, किती पोरं... नको. लिहीतसुद्धा नाही.

१८ फेब्रु., गुरु. इब्री

दि.कां.नी गुपचूप टाकी रिकामी केलीय. म्हणजे तेही घाबरलेत. कबूल करतील तर शपथ.

"काका, तुम्ही बसाल त्या खोलीत जेवायला?"

"मला बायकांत कोण बसवतंय?"

"पण बसाल का?"

उठले आणि कुकर उघडायला गेले. शिट्टीसुद्धा झाली नव्हती.

१९ फेब्रु., शुक्र.

 जमेल तसं लिहिते.

पुरुष बाहेर मांडवात. बायकांच्या खोलीपाशी काका फिरकूही शकत नाहीत, जाऊ शकणारी मी एकटीच. दारातच थांबले होते. "तआली, तआली" करत हात धरून आत ओढलं, थेट सीलिंगच्या त्या पोटाखाली बसवलं. भाताच्या मोठाल्या पराती, अत्तर, हसणं, पोरांच्या उड्या. अर्बाबची आई स्वतःच्या हाताने माझ्यापुढे मटण सारत होती. मी वर बघत होते. 

सीलिंगच्या सांध्यातून चिमूटभर माती परातीत पडली. समोरच्या बाईने ती बोटाने बाजूला सारली आणि पुढचा घास घेतला.

मी ओरडले. "उठा! बाहर! यल्ला, यल्ला!" सगळ्या बघतच राहिल्या. कुणाला वाटलं मिरची लागली, एकीने पाणी पुढे केलं. अरबी एक शब्द सुचेना. शेवटी परातच उचलली आणि अंगणात पळाले. जेवण चाललं म्हटल्यावर पोरं मागे धावली, पोरांमागे आया. हसत! म्हातारीला दोघींनी धरून आणलं. ती तेवढी हसत नव्हती.

अर्बाब आला. मी हिंदीत सांगितलं, लकडी सड गया है, कभी भी गिरेगा. "क्यों सडा?" "पानी." पुढे बोलले नाही. पण त्याने वर टाकीकडे बघितलं, मग काकांकडे.

आणि छत पडलं नाही. दिवसभरात एक ढेकूळ पडलं नाही. म्हातारी जाताना काहीतरी बोलली, बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काका रात्री जेवले नाहीत. 

२० फेब्रु., शनि.

सकाळी अर्बाबचं बोलावणं. चिडला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "दिलीप, सीलिंग खोलो. मुहंदिसा सच, तो घर तोडेगा. झूठ, तो..."  हात झटकला. खलास.

मी म्हटलं, आधी टेकू लावा, मजूर बोलवा, मग खोला. पाया पडायची बाकी राहिले. काका शिडी खांद्यावर घेत म्हणाले, "कुजलंय म्हणालीस ना? मग बघू दे." माझ्या हट्टापायी दोन टेकू लावलेत. निदान सहा हवेत.

अर्बाबने मला आत जायला मनाई केली. तो स्वतःही दाराबाहेर उभा आहे. मी अंगणात बसून लिहितेय, हात रिकामे राहिले तर किंचाळेन. आतून स्क्रू काढल्याचा आवाज. माझं खरं असेल तर काका त्याच्याखाली आहेत. खोटं असेल तर मार्चात घरी, चिनूसमोर. देवा, माझं चुकू दे. ओंडके दगडासारखे निघू देत, अर्बाब मला हसू दे, सगळं इब्री हसू दे.

प्रत्येक फळी निघाली की हाक मारते, "काका!" आतून येतं, "आहे गो." मघाशी चिडून, "आहे म्हटलं ना!" कालपासून पहिल्यांदा त्यांचा नेहमीचा आवाज.

कडेच्या सगळ्या निघाल्या. आता मधली. पोट आलेली.

"काका!"