दोन बोटांची पोकळी

ढाणकीजवळचा तांडा,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

तीर्थरूप बापूंना सोनूचा नमस्कार.

तुमच्या पायाची जखम भरली का? तिकडे साईटवर जेवण नीट मिळतं का? इथे सोयाबीन शेंगा धरून उभं आहे. गाय बरी आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर याडीला ऐकू जातं, म्हणून पत्र.

नव्या खोलीचं विचारलं होतंत. उन्हाळ्यात ती खरंच गार राहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा याडी मे महिन्यात दुपारची झोपली.

आता पश्चिमेच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर थोडी ओल दिसते. थोडी म्हणजे आधी ताटाएवढी होती. काल मोजली, साडेतीन हात भरली. बोट फिरवलं की काळं लागतं. त्या भिंतीवरच्या बटणांची लाईन मी बंद करून ठेवली आहे.

याडीला कळू नये म्हणून तिची खाट मी रोज चार बोटं भिंतीपासून सरकवत होते. परवा ती म्हणाली, "काय वं सोनू, हे खाट चालून राह्यली का? उद्या तुह्या मायले घेऊन दाराबाहेर निघंल!" ती हसली, आणि हसता हसता लागलेला खोकला थांबेना.

बापू, मला पहिलं अक्षर तुम्ही विटेवर कोळशानं शिकवलं. या भिंतीचं चित्रही जाताना तसंच विटेवर काढून दिलंत. आतली भिंत, तिला चिकटून थर्माकोलच्या पाट्या, मग दोन बोटं रिकामी जागा, मग बाहेरची भिंत. खाली पाणी निघायला भोकं. "बाहेरची भिंत भिजनारच," म्हणाला होतात, "ते पानी आत येऊ द्याचं नाही, एवढंच आपलं काम." ती वीट अजून माझ्याजवळ आहे.

पाट्या कमी पडल्या. उमरखेडहून यायला आठ दिवस लागणार होते आणि ऊन रोज वाढत होतं. मी खालचा भाग सोयाबीनच्या कुटारानं, मळणीत उरलेल्या कोरड्या भुश्शानं, भरला. ती दोन बोटंसुद्धा. आजी सांगायची ना, लदेणीत, बैलांवर माल लादून गावोगाव नेताना, मिठाच्या गोण्यांखाली कुटार अंथरायचे, मीठ कोरडं राहायचं. मला वाटलं, मीठ राहिलं तर भिंत का नाही राहणार? मग कुटारात उंदीर शिरतील म्हणून खालची भोकंही सिमेंटनं बुजवली.

भिंत बांधणाऱ्या प्रेमसिंग काकांनी अडवलं होतं. "पोरी, कुटार पानी पेते. भरू नको."

मी म्हणाले, "बापूनंच सांगतलं."

तुमचं नाव ऐकून त्यांनी मुकाट्यानं थापी उचलली. आता ओल पाहून तांडा त्यांना हसतो आणि ते तुमची चूक झाकायची म्हणून तोंड उघडत नाहीत.

एवढंच असतं तर पत्र इथेच संपलं असतं. सोमवारी याडीचे ओठ निळे पडले. उमरखेडला नेलं. डॉक्टरांनी वाफ दिली आणि मला विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी आहे का?"

मी म्हणाले, "नाही. खोली नवीनच आहे."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, बापू. खाटेचंही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तिनं माझं खोटं डॉक्टरांपुढे उघडं पाडलं नाही. डॉक्टरांनी माझ्या शब्दावर औषध लिहिलं आणि मी तिला त्याच खोलीत परत आणलं. चार दिवस ती तिथे श्वास घेत होती.

आज सकाळी तिला फुलसिंग मामांच्या घरी हलवलं. मग प्रेमसिंग काकांना सगळं खरं सांगितलं. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "छिन्नी आन आधी. मंग बापाले लिव्ह. समदं लिव्ह."

बाहेरून चार विटा काढल्या. कुटाराचा काळा लगदा झाला होता. हात घातला तर आतून गरम, जिवंत असल्यासारखा. मी किंचाळून हात ओढला. तीनदा साबण लावला, वास जात नाही.

उद्या पहिल्या बसनं याडीला घेऊन डॉक्टरांकडे जाते. ते रागावले तर रागावू देत. उशीर झाला, एवढं फक्त म्हणू नयेत.

पत्राखाली मी तुमच्या नावासकट पूर्ण नाव लिहिते म्हणून तुम्ही हसता, "मी काय सरकारी हापीस हाये का?" म्हणता. आज लिहीत नाही. तुमचं नाव एकदा तुम्हाला न विचारता वापरलं. याडीचा श्वास मोकळा होईपर्यंत ते माझ्या नावापुढे लावणार नाही.

नुसती
सोनू