थांबणारा लंबक

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच पत्र. सणावाराला सुचलं नाही, आज माझी चूक कळली तेव्हा तुम्ही आठवलात. रागावू नका, तुम्ही होतात तेव्हाही माझं असंच होतं.

इथे बसवनगुडीतल्या कॉलेजात मी मुलांना भौतिकशास्त्राचे प्रोग्रॅम लिहायला देते. या खेपेला लंबक दिला होता. तो कसा झुलतो, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. साठ जणांचं काम पाच मिनिटांत तपासून झालं. मी नाही तपासलं. माझाच एक प्रोग्रॅम उत्तरं ताडून गुण देतो. तुम्ही बेळगावात आठ-आठ दिवस पेपरांचे गठ्ठे घेऊन बसायचात आणि मी म्हणायचे, "उत्तर चुकलं की शून्य द्या आणि मोकळे व्हा." किती शहाणी होते मी!

वर्गातल्या काव्याला शून्य मिळालं, म्हणजे ती नापास. काल टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, स्वल्प नोडी." जरा बघा, एवढंच. मी म्हटलं, "सगळंच चुकलंय, बघायचं काय?" ती गेली.

आज तिचं काम उघडलं. तिचा लंबक हळूहळू थांबत होता. तिने हवेचा रोध धरला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हवा नाही असं प्रश्नात म्हटलेलं नाही.' खरंच नव्हतं. माझ्या उत्तरातला लंबक मात्र जन्मभर झुलणारा.

तुम्ही प्रश्न काढलात की आईला वाचून दाखवायचात. तिने शंका काढली की त्यात एक ओळ वाढायची. तिला काय कळतंय, असं मला वाटायचं. तिला का वाचून दाखवता, हे तेव्हाच का नाही विचारलं मी तुम्हाला?

एक तक्रारही आहे. तुमचा प्रश्न चुकला होता तेव्हा तुम्ही भर वर्गात कबूल केलंत. मी त्याच वर्गात मान खाली घालून बसले होते. घरी येऊन तुम्ही मजेत जेवलात. ते कसं जमायचं, हे कधी सांगितलं नाहीत. माझा आजचा डबा तसाच भरलेला आहे.

गुण बदलायला लेखी कारण द्यावं लागतं. मी 'तांत्रिक अडचण' लिहिलं होतं. त्यावर कुणी काही विचारत नाही. मग खोडलं.

अण्णा, उद्या तिथे 'प्रश्न मी अपुरा काढला' असं लिहीन. वर्गातही सांगेन. तिच्या कामात एक खरी चूक सापडलीय, तिचे दोन गुण कापीन. तुम्हीही कापले असतेत. पण त्याआधी काव्याला बोलावून सांगेन, की मी न बघताच तुला शून्य दिलं होतं.

तुमची,
सुमा