कॅसेटच्या शेवटचा आवाज

डंडी,
११ मार्च

प्रिय मर्डो,

गुडघा कसा आहे तुझा? थंडीत जप. इकडे नदीवरून बोचरा वारा सुटलाय, आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला ब्रायडीच्या पॅटिसात खिमा कमी नि कांदाच जास्त भरायला लागलाय. बाकी मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे.

गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. सँडीचा ‘दीपगृह’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ माझ्या वेबसाइटवरून उतरवा, सगळ्या प्रती नष्ट करा, नाहीतर कोर्टात खेचू. खेळाचे हक्क त्यांनी विकत घेतलेत. विकणाऱ्याचं नाव वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. तुझं होतं.

नव्या वर्षाला रिवाजाप्रमाणे कोळशाचा तुकडा घेऊन माझ्या घरात पहिलं पाऊल तूच टाकलंस, आणि तूच म्हणालास, “टाक गं बिनधास्त. तेव्हा खेळ विकणारी ती कंपनी कधीच बुडाली. बेवारस खेळ आहे, कोण विचारतंय?” म्हणून टाकला. लहानपणीचा खेळ परत सापडला म्हणून कुठकुठली माणसं आभार मानत होती. आता माझी वकीलबाई सांगते, कंपनी मेली म्हणून हक्क मरत नाही. त्या जुन्या कंपनीशी झालेल्या आपल्या करारात लिहिलं होतं, कंपनी बुडाली तर हक्क करारावर ज्याचं नाव त्याच्याकडे परत.

तिथे तुझं नाव का, हे तुला पक्कं माहीत आहे. सँडीने तो कॉम्प्युटर तो कामाला होता त्या कारखान्यातून जेवणाच्या डब्यात एकेक भाग लपवून आणून आमच्या स्वयंपाकघरात जोडलं. अर्धी गल्ली तेच करायची. खेळावर स्वतःचं नाव घातलं असतं, तर फोरमनने विचारलं असतं, घरी कॉम्प्युटर आला कुठून? म्हणून थोरल्या भावाचं नाव. तू त्यातली एक ओळही लिहिली नाहीस. तुला तेव्हा व्हिडिओ लावता येत नव्हता.

हेही गिळलं असतं. पण नोटिशीला तुझा जबाब जोडलाय. खेळ ज्या कॅसेटवर साठवला, तिच्यावर प्रोग्रॅमचा किरकिराट संपल्यावर एक पुरुष बोलतो, “इश, चहा टाक गं, दिवा लागला बघ.” तू लिहून दिलंस की तो आवाज तुझा, म्हणून कॅसेटही तुझी.

तो माझ्या नवऱ्याचा आवाज आहे, मर्डो. तो गेल्यावर माझ्याकडे त्याचा दुसरा आवाज उरला नाही. आणि आता तो पुसून टाकायचा म्हणे.

त्या वाक्यापुढेही टेप चालते. ते मी वेबसाइटवर कधी घातलं नाही, चारचौघांत तुला कमीपणा नको म्हणून. सँडी म्हणतो, “मर्डोच्या नावावर टाकू. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मनाचा चांगला आहे. दगा नाही द्यायचा.”

खेळ मी उतरवलाय. कायद्यापुढे माझं शहाणपण चालत नाही. कॅसेट मात्र आज वकीलबाईकडे दिली, अख्खी. तिने विचारलं, कोर्टात शेवटचं वाक्य ऐकवायलाच हवं का? मी म्हटलं, हवं. ते ऐकून झालं की मर्डो, तूच सगळ्यांसमोर सांग, हा आवाज माझाच आहे म्हणून.

पुढच्या नव्या वर्षाला कोळसा दुसऱ्या कुणाकडे ने.

सँडीची बायको,
इशबेल